लाकूड दिसू द्या

घराच्या दर्शनी लाकडाला ऑइल पेंटचे दोन हात मारले की त्याची निगा झाली, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की तिच्याविषयी कुणी शंका घेत नाही. लग्नकार्य निघाले, दिवाळी आली, वाटणी होऊन घराचा एक भाग धाकट्याकडे गेला, की चौकटीवर आणि ओसरीच्या खांबांवर हिरवा, निळा किंवा चॉकलेटी रंग चढतो. त्याखाली मागच्या लग्नाचा रंग असतो आणि त्याखाली त्याच्याही आधीचा. नरसी नामदेवसारख्या गावात, जिथे आषाढीनंतरच्या परतवारीला दूरदूरचे भाविक कयाधूकाठी लोटतात, तिथे आपले घर बाहेरून नीटनेटके दिसावे असे वाटणे अगदी रास्त आहे. माझा आक्षेप त्या इच्छेला नाही, साधनाला आहे. ऊनपावसात उभ्या असलेल्या जुन्या लाकडावर जाड, चकचकीत, ओल कोंडून ठेवणारा थर चढवला की ते लाकूड आतून लवकर संपते, आणि संपते आहे हे कळतही नाही. हिंगोली जिल्ह्यात ही गोष्ट नुसत्या दिसण्याची राहत नाही. इथल्या जुन्या घरातले लाकूड डोक्यावरचे छत पेलत असते.

हे घर कसे बांधलेले असते ते आधी आठवू. मराठवाड्यातले जुने घर खणांत मोजतात. अमक्याचे घर पाच खणांचे, तमक्याच्या वाड्याची ढाळज तीन खणांची. दगडी तळखड्यावर खांब उभा राहतो, खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलचण, आणि या सगळ्यावर पांढऱ्या मातीचे जाड माळवद. भिंती दगडमातीच्या आणि दोन-दोन हात रुंद असतात. पण खणाच्या घरात छताचा भार मुख्यतः लाकडाच्या सांगाड्यावर असतो. सधन घरांत हे लाकूड सागाचे, साध्या घरांत कडुनिंबाचे किंवा बाभळीचे. या रचनेत सुताराने आणि गवंड्याने पाण्याचा विचार किती बारकाईने केला होता ते तळखड्याकडे पाहिले की कळते. लाकडाचा बुंधा जमिनीला टेकूच नये, पावसाचे शिंतोडे आणि जमिनीची ओल त्याच्या उघड्या तोंडात चढू नये, म्हणून तो दगड तिथे बसवलेला असतो. आता काय होते? ओसरीला नवी फरशी बसते, जमीन चार-सहा इंच वर येते, तळखडा सिमेंटमध्ये बुजतो आणि खांबाचा बुंधा त्या सिमेंटच्या खळग्यात उभा राहतो. मग त्याच खांबावर वरून खालपर्यंत ऑइल पेंट. खालून ओल चढायला वाट मिळाली आणि बाजूने बाहेर पडायची वाट बंद झाली.

लाकूड तोडल्यावरही हवेशी देवाणघेवाण थांबवत नाही. पावसाळ्यात ते हवेतली ओल घेऊन फुगते, उन्हाळ्यात सोडून आकसते. लांबीत हा फरक जवळजवळ शून्य असतो, रुंदीत मात्र तो होतो, आणि वाढकड्यांच्या वळणाच्या दिशेने तो गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतो. साग या बाबतीत बराच शांत मानला जातो, तरी त्याचीही हालचाल चालूच असते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर आणि जुलैत सतत ओली हवा, अशा मुलखात ही हालचाल वर्षानुवर्षे होत राहते. ऑइल पेंटचा थर सुरुवातीला थोडा लवचिक असतो. उन्हाने तो कडक होत जातो. दोन-तीन पावसाळ्यांनंतर जिथे दोन लाकडे एकमेकांना मिळतात तिथे, म्हणजे चौकटीच्या कोपऱ्यात, फळ्यांच्या जोडावर, बिजागरीभोवती, तो केसाएवढा तडकतो. पाणी शिरायला तेवढी फट पुरते. शिरलेले पाणी लाकडाच्या नळ्यांतून आत पसरते, पण परत येताना त्याला चहूकडे रंगाची भिंत आडवी येते. उघड्या लाकडावरचा पाऊस दोन दिवसांच्या उन्हात वाळून जातो. रंगाखालचा आठवडे मुरत बसतो. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला साधारण वीस टक्क्यांच्या वरची ओल मिळाली की तिचे काम सुरू होते. रंगावर फोड येणे, पोपडे सुटणे ही त्याच कोंडलेल्या ओलीची खूण. आपण मात्र ते पाहून रंग हलका होता म्हणतो, दुकानदाराला दोष देतो आणि वर आणखी एक हात मारतो.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे रंग लाकूड लपवतो. वाळवी लागली तर मातीच्या बारीक नळ्या दिसतात, भुंगा लागला तर टाचणीएवढी भोके पडतात आणि खाली पीठ सांडते, कुजायला लागले तर लाकूड काळवंडते आणि नखाने दबते. लाकडाचे दुखणे कळण्याच्या या खुणा. रंगाऱ्याने काम चांगले केले तर या सगळ्या खुणा आधी बुजतात. तो भोकांत लांबी भरतो, पॉलिशपेपर मारतो, प्रायमर लावतो, वर दोन हात देतो. बाहेरून खांब लग्नातल्या नवरदेवासारखा आणि आत पोकळ, ही स्थिती याच मार्गाने येते. वाळवीला उजेड नको असतो आणि वारा नको असतो. रंगाचा जाड थर तिला दोन्हींपासून आडोसा देतो. सागाच्या गाभ्यात वाळवीला न मानवणारी द्रव्ये मुळातच असतात, त्यामुळे पुष्कळांना वाटते की सागाला काही होत नाही. पण हा गुण गाभ्याचा आहे. कडेच्या पांढऱ्या लाकडात तो नसतो, आणि कडुनिंब-बाभळीच्या घरांना सागाचा हिशेब लावताच येत नाही.

हिंगोलीच्या वाचकाला यापुढचे फार समजावून सांगावे लागणार नाही. २१ मार्च २०२४ च्या सकाळी या जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला आणि पाठोपाठ दुसरा; त्याच वर्षी १० जुलैच्या सकाळी पुन्हा तेवढ्याच तीव्रतेच्या आसपासचा. कळमनुरी आणि वसमत तालुक्यांतल्या गावांची झोप उडाली. पांगरा शिंदे परिसरात तर जमिनीखालून येणाऱ्या आवाजांनी लोक वर्षानुवर्षे बेचैन आहेत. मराठवाड्याच्या मनात ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट अजून ताजी आहे. सुमारे दहा हजार माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर येऊन गेली. त्या भूकंपाचा अभ्यास करणाऱ्या अभियंत्यांच्या नोंदींत एक गोष्ट अशीही आहे की जिथे छत खरोखरच लाकडी खांबांवर होते आणि सांधे धड होते, तिथे काही घरांत भिंती ढासळल्या तरी खण उभे राहिले. यावरून माळवदाची घरे सुरक्षित आहेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. माळवदाचा भार हा धोकाच आहे, आणि तेलाने किंवा रंगाने तो कमी होत नाही. पण ज्यांना आज त्याच घरात राहावे लागते आहे, त्यांच्या डोक्यावरच्या छताचा भरवसा खांब, तुळई आणि त्यांच्या सांध्यांवर आहे. तो सांधा शाबूत आहे की कुजला आहे हे घरात राहणाऱ्या माणसाला नुसत्या डोळ्यांनी दिसले पाहिजे. रंगाची निवड ही सौंदर्याच्या खात्यातून काढून सुरक्षिततेच्या खात्यात टाकावी, असे मी म्हणतो ते यासाठी.

मग लावायचे काय? नरसीसारख्या ज्या गावाची ओळख एका शिंप्याच्या घरात जन्मलेल्या संताने घडवली, तिथे कापडाचा दाखला द्यायला हरकत नसावी. नामदेवांना आपले मानणाऱ्यांत शिंप्यांच्या बरोबरीने रंगारीही आहेत. पंजाबात, घुमानच्या परिसरात आणि इतरत्र, कापड रंगवणारा आणि छापणारा छिंबा समाज त्यांना मानतो. कापड रंगवणाऱ्याचा रंग धाग्यात मुरतो. तो धाग्यावर साल होऊन बसला तर पहिल्याच घडीत तडकेल, हे त्या कामातल्या कुणालाही ठाऊक असते. लाकडाच्या बाबतीत असे मुरणारे द्रव्य आपल्या शेतात पिकत आले आहे: जवस. जवसाचे तेल इतर खाद्यतेलांसारखे कायम चिकट राहत नाही. त्यातल्या निम्म्याहून अधिक भाग असलेले अल्फा-लिनोलेनिक आम्ल हवेतला प्राणवायू ओढून घेते, तेलाचे कण एकमेकांत गुंफतात आणि काही दिवसांत ते घट्ट होऊन लाकडाच्या वरच्या पेशींतच बसून जाते. चित्रकारांनी शतकानुशतके तैलचित्रांसाठी हेच तेल वापरले ते या गुणामुळे. सुतार आणि रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते हेच, लवकर वाळावे म्हणून प्रक्रिया केलेले जवसाचे तेल. लाकडाला तेल पाजणे हा आपला शब्दप्रयोगच सांगतो की ते आत जायचे आहे. पाणी त्यावर ठरत नाही, तरी आतली वाफ अडून राहत नाही. फोड येत नाहीत, कारण फोड यायला वर सुटा थरच नसतो. अमेरिकेत मॅडिसन इथल्या वनउत्पादन प्रयोगशाळेने बाहेरच्या लाकडावरच्या लेपांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे, आणि आत मुरणारे लेप पोपडे धरत नाहीत, हा त्यांचाही निष्कर्ष आहे.

यावर जाणकार लगेच विचारतील की नुसते तेल उन्हापासून कसे वाचवणार. प्रश्न बरोबर आहे. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण लाकडातले लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारे द्रव्य, मोडून टाकतात. म्हणून उघडे लाकूड राखाडी पडते आणि त्याचा पृष्ठभाग तंतुमय होतो. बिनरंगी तेल हे किरण अडवत नाही. बिनरंगी वॉर्निशही अडवत नाही, आणि म्हणूनच लाकडाचे रेषे दिसावेत या हौसेने बाहेरच्या दाराला लावलेले चकचकीत वॉर्निश काही वर्षांतच सापाच्या कातीसारखे सुटते. खालचे लाकूडच उन्हाने सैल झालेले असते. किरण अडवायला रंगद्रव्य हवे, हे मान्य. पण त्यासाठी जाड थर लागत नाही. जवसाच्या तेलात गेरू कालवला तरी काम होते. गेरू म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड आणि माती; उन्हाने न उडणारे याहून स्वस्त रंगद्रव्य शोधून सापडायचे नाही. तुळशीवृंदावनाला, कुंडीला, भिंतीच्या पट्ट्याला आपण तो पिढ्यान्‌पिढ्या लावत आलो आहोत.

गेरू आणि जवस ही जोडी काही गावठी तडजोड नाही. स्वीडनमधली लाकडी घरे ज्या गडद लाल रंगासाठी ओळखली जातात तो रंग सोळाव्या शतकापासून फालून इथल्या तांब्याच्या खाणीतल्या टाकाऊ मातीपासून बनत आला आहे. त्या मातीतला लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडचाच. ती पाण्यात आणि राय नावाच्या धान्याच्या पिठात शिजवायची, त्यात लोहसल्फेट आणि जवसाचे तेल घालायचे, आणि खडबडीत लाकडावर पातळ लावायचे. तो रंग पोपडे धरत नाही, वर्षे गेली की भुकटी होऊन हळूहळू झिजतो. नव्याने लावताना कुंच्याने सैल भुकटी झाडली की झाले, खरवडणी नाही की जाळणी नाही. नॉर्वेतले उर्नेसचे लाकडी चर्च बाराव्या शतकातले. तिथल्या अशा जुन्या चर्चना पाइनच्या लाकडाचे डांबर पुन्हापुन्हा पाजत आले आहेत. हिमाचा आणि पावसाचा मुलूख, आमच्याहून कितीतरी ओला, आणि तिथल्या लोकांनी लाकूड आठशे-नऊशे वर्षे टिकवले ते थोड्या-थोड्या वर्षांनी त्याच्यापाशी परत जाऊन. एकदाच काहीतरी जबरदस्त लावून मोकळे व्हावे, ही कल्पना लाकडाच्या कामात मुळात बसतच नाही.

पण इथेच घरधनी मान हलवतो. पेंट पाच वर्षे बघावा लागत नाही, तेल वर्षा-दोन वर्षांनी पाजावे लागते. एवढा वेळ कुणाला आहे, आणि पैशाचे काय? हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, म्हणून त्याचा हिशेब नीट मांडू. ऑइल पेंटचे काम म्हणजे जुना थर खरवडणे, लांबी, प्रायमर, दोन हात, आणि त्यासाठी कुशल रंगाऱ्याची अनेक दिवसांची मजुरी. पुढच्या वेळी पोपडे निघालेले असले तर खरवडणीचीच मजुरी मालापेक्षा जास्त होते. तेलाच्या कामात पहिले वर्ष सोडले तर खरवडणी नाहीच. कोरड्या फडक्याने धूळ झटकायची, तेल लावायचे, अर्ध्या तासाने न मुरलेले तेल दुसऱ्या फडक्याने पुसून घ्यायचे. घरातली दोन माणसे एका सकाळी दार, चौकट आणि ओसरीचे चार खांब उरकू शकतात. शिवाय ज्या हाताने वर्षाला एकदा खांब तळापासून हस्तापर्यंत पुसला, त्या हाताला भेग, भोक, ओल, सैल झालेली पाचर कळल्याशिवाय राहत नाही. पेंटच्या पाच वर्षांच्या निश्चिंतीत नेमकी हीच तपासणी बुडते. पाच वर्षे न बघावे लागणे हा मला पेंटचा गुण वाटत नाही.

दुसरा आक्षेप मनाचा आहे. तेल लावलेले लाकूड काळपट दिसते, जुनाट वाटते. शुभकार्याला दार उजळ हवे. हिरव्या आणि निळ्या दारांवर आपल्या लोकांचे प्रेम आहे आणि त्या प्रेमाला कमी लेखणे मला पटत नाही. ज्यांच्या घराला पिढ्यान्‌पिढ्या रंग परवडला नाही त्यांच्यासाठी डब्यातला चकचकीत रंग हा सुबत्तेचा पहिला पुरावा होता. पण उजळपणा भिंतीला द्यावा. भिंतीवर चुना आहे, त्यात निळीची छटा आहे, हवा तो रंग आहे, आणि भिंतीचा चुना श्वास घेतो. पांढऱ्याशुभ्र भिंतीत गेरूतेल पाजलेली तांबूस चौकट, तिच्यावर गणेशपट्टी, खाली धुतलेला उंबरठा, हे रूप कोणत्याही मंगलकार्याला शोभेल असे मला मनापासून वाटते. कोरीव काम असेल तर पेंटने त्याचे जे होते ते पाहवत नाही. पाच थरांखाली कमळाच्या पाकळ्या भाकरीसारख्या सपाट होतात, पोपटाची चोच नाहीशी होते. पुण्याच्या विश्रामबाग वाड्याचे, १८०७ च्या सुमारास दुसऱ्या बाजीरावासाठी उभारलेल्या त्या वास्तूचे दर्शनी सुरूदार खांब लोक आजही थांबून बघतात ते त्या कोरीवकामासाठी.

तेलाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सतत दमट हवेत जवसाच्या तेलावर काळी बुरशी धरते. कोकणात हा त्रास मोठा आहे, आणि तिकडे काजूच्या टरफलांचे तेल वापरण्यामागे काही अनुभव आहे. मराठवाड्याची हवा वर्षातले आठ महिने कोरडी असते, म्हणून इथे हे तेल अधिक जुळते. तरी उत्तरेच्या सावलीतल्या, ओल्या भिंतीला लागून असलेल्या चौकटीवर ते विचारानेच वापरावे. तेल वाळवी मारत नाही. वाळवी लागलीच असेल तर तिच्यावरचा उपाय आधी. बिब्ब्याच्या तेलाचा सल्ला जुनी माणसे देतात, आणि लाकडाला कीड लागू नये म्हणून त्याचा उपयोग पूर्वापार होत आला आहे. पण ते कातडीवर फोड उठवते, तेव्हा ते जाणत्याचेच काम. आणखी एक धोका आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता आत साठते आणि आगपेटीशिवाय तो पेट घेऊ शकतो. फडकी उघड्यावर सुटी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. आजकाल वाफ जाऊ देणारे, लाकडात मुरणारे चांगले तयार लेपही बाजारात मिळतात. ज्याला परवडतात त्याने खुशाल वापरावेत. माझा आग्रह जवसासाठी आहे, कारण तो जवळचा आणि समजण्यासारखा आहे. एकेकाळी मराठवाड्याच्या रब्बीत हक्काची जागा असलेले हे पीक सोयाबीन-हरभऱ्याच्या रेट्यात चटणीपुरते उरले आहे. घराघरांतल्या चौकटींना तेल लागू लागले तर एखाद्या घाण्याला तरी गिऱ्हाईक मिळेल.

जुना रंग काढायचा कसा, हा प्रश्न मात्र घाईने सोडवायचा नाही, कारण त्यात लेकरांचे आरोग्य गुंतले आहे. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर कायद्याची कडक मर्यादा आली ती २०१६ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी. १ नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे असलेला रंग बनवायला मनाई झाली. त्याआधीच्या इनॅमल रंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि हिरव्यात, शिशाची रंगद्रव्ये सर्रास असत. म्हणजे आपला आवडता हिरवा दरवाजा जितका जुना, तितका संशयास्पद. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि त्याचे सुरक्षित असे प्रमाणच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून जुना रंग कोरडाच पॉलिशपेपरने घासणे आणि ब्लो लॅम्पने जाळून काढणे, या दोन्ही सवयी सोडायला हव्यात. पहिलीत शिशाची धूळ उडते, दुसरीत धूर होतो. पृष्ठभाग ओला ठेवून पत्रीने खरवडावे, खाली जाड कागद अंथरावा, तोंडाला मास्क बांधावा, मुले आणि गरोदर बाई त्या दिवशी दुसऱ्या घरी असावीत, आणि निघालेला कचरा अंगणात किंवा चुलीत जाऊ नये. ज्याचा रंग घट्ट बसला आहे, कुठे फोड नाही, तडा नाही, तो उगाच उकरू नये. जिथे सुटतो आहे तिथूनच सुरुवात करावी.

आता लाकडी घरे राहिलीच किती, घरकुलाच्या आणि स्लॅबच्या काळात हा विषय कशाला, असेही कुणी म्हणेल. स्लॅबच्या घरालाही लाकडी दार असते आणि ते पश्चिमेचे ऊन खाते, एवढे उत्तर पुरेसे होते. पण खरे उत्तर वेगळे आहे. जुने वाडे उतरतात तेव्हा त्यांचे लाकूड कुठे जाते ते पाहावे. खांब, हस्त, चौकटी, दारे विकत घेणारे व्यापारी गावोगाव फिरतात, आणि तो माल शहरांतल्या हॉटेलांत, फार्महाऊसमध्ये, बंगल्यांच्या दिवाणखान्यांत उभा राहतो. तिथे पोचण्याआधी त्याच्यावर पहिला सोपस्कार होतो तो रंग उतरवण्याचा. थरांखालचे सागाचे रेषे मोकळे झाले, तेल पाजले, की त्याच चौकटीची किंमत कितीतरी पट वाढते. गावातल्या माणसाने रंगाखाली झाकलेले मोल शहरातला माणूस झाकण काढून वसूल करतो. त्या जाडीचा, त्या वयाचा साग आज किनवटच्या जंगलातही सहज मिळायचा नाही. जे आपल्या ओसरीवर उभे आहे ते काय आहे, हे आपल्याला दिसले असते तर ते वजनावर विकले गेले असते का, असा प्रश्न मला पडतो आणि त्याचे उत्तर मला क्लेश देते.

सरकारी कामांतही हे बदलायला हवे. तीर्थक्षेत्रांच्या विकासासाठी निधी येतो, शाळा, चावड्या, धर्मशाळा, जुनी देवळे यांची डागडुजी निघते. नरसी नामदेव येथे मराठी वारकऱ्यांबरोबर पंजाबातून शीख भाविकही येतात, कारण नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. तेव्हा इथे अशी कामे निघत राहणार. अशा कामाच्या अंदाजपत्रकात लाकूडकामापुढे सवयीने ऑइल पेंटचे दोन हात लिहून येतात आणि कंत्राटदार ते मारून जातो. त्या ओळीच्या जागी चार गोष्टी लिहिता येतील: खांबाचा तळ मोकळा करून तळखडा उघडा करणे, सांधे तपासून सुताराकडून पाचरी ठोकून घेणे, सुटलेला रंग ओला खरवडणे, आणि गेरू घातलेल्या जवसाच्या तेलाचे तीन हात, पहिला टर्पेंटाइन घालून पातळ, मधे दोन-तीन दिवसांचे अंतर. त्यानंतर दर वर्षी एका हाताची तरतूद. रक्कम किरकोळ आहे. अडचण एवढीच की दर वर्षी कुणाला तरी तिथे जाऊन खांबाला हात लावावा लागेल. ग्रामपंचायतीने हे काम गावच्या सुताराकडे ठरवून दिले तर त्याचेही चार दिवस सुखाचे जातील.

वेळेचे म्हणाल तर होळी झाल्यावर लाकूड पुरते वाळलेले असते आणि ऊन अजून असह्य झालेले नसते. सकाळच्या सावलीत एक टोच्या घ्यावा आणि ओसरीच्या प्रत्येक खांबाच्या बुंध्यात, फरशीच्या लगत, हलकेच दाबून पाहावा. निरोगी सागात तो अडतो. सहज आत गेला तर तेलाचा डबा बाजूला ठेवून आधी सुताराला बोलवावे आणि त्या खणाखालची बाज दुसरीकडे हलवावी.